एकाचा खडा विरघळला, दुसऱ्याचा का नाही?

मागच्या मे महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला आमचे दार वाजले. चार घरे सोडून राहणाऱ्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचे मालक गवंडीकाम करतात. डाव्या कुशीतून कळ निघून जांघेपर्यंत उतरत होती. माणसाला धड बसता येत नव्हते की झोपता येत नव्हते, दोनदा उलटीही झाली होती. मुतखड्याची कळ ज्याने एकदा पाहिली, त्याला ती दुसऱ्यांदा ओळखायला वेळ लागत नाही. आम्ही रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेले.

एक्स-रे काढला. त्यात नऊ मिलिमीटरचा खडा पांढराशुभ्र दिसला. पण डॉक्टर खड्यापेक्षा रक्तदाबाचा आकडा पाहून जास्त दचकले. वरचा आकडा १९० च्या पुढे गेला होता आणि दोन्ही पावलांवर सूज होती. घरी काय काय घेता, असे त्यांनी विचारले. बीपीची गोळी दोन महिन्यांपासून बंद होती. मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी रोज चालू होती. आणि तिसरी गोष्ट वहिनींनी सांगितली.

"सकाळ-संध्याकाळ चमचाभर खायचा सोडा देतेय पाण्यातून. तीन आठवडे झाले. माझ्या मामेभावाचा खडा अशानंच विरघळला, साहेब. त्याला तर डॉक्टरनंच सांगितलं होतं."

डॉक्टर चिडले. वहिनी ओशाळल्या. परत येताना त्या रिक्षात आम्हाला म्हणाल्या, "मीच मारत होते का हो त्यांना?"

आम्ही दुसऱ्या दिवशी त्या मामेभावाकडे जाऊन त्याची फाइल पाहिली. वहिनी खोटे बोलत नव्हत्या. त्याचा खडा खरोखर औषधाने विरघळला होता, आणि ते औषध लघवीतला आंबटपणा कमी करणारेच होते. मग एकाला जे लागू पडले ते दुसऱ्याला का नाही? आपल्या वस्त्यांत मुतखडा घरटी नसला तरी गल्लीगणिक आहे, आणि सोड्याचा सल्लाही गल्लीगणिक मिळतो. म्हणून या वेळचे आरोग्य पान आम्ही या एका प्रश्नाला दिले आहे.

साबणाची वडी घेऊन बसू

आधी एक प्रयोग करू. खर्च दोन रुपयांचाही नाही. अंगाला लावायच्या साबणाचा कीस वाटीभर कोमट पाण्यात विरघळवा आणि ते गढूळसर पाणी दोन ग्लासांत ओता. (भांड्यांची किंवा कपड्यांची वडी नको. त्यातल्या बऱ्याच डिटर्जंटच्या असतात, त्यांना हे जमत नाही.)

पहिल्या ग्लासात अर्धे लिंबू पिळा. पाणी दुधासारखे फाटते आणि पांढरे गोळे वर येतात. दुसऱ्या ग्लासात लिंबू नको, जाड मीठ मुठीमुठीने घालून ढवळा. तिथेही साबण पाण्यातून सुटून दह्यासारखा वर जमतो. साबण कारखान्यात शिजवतात तेव्हा तो पाण्यापासून वेगळा करण्यासाठी खारे पाणीच घालत आले आहेत.

साबण म्हणजे तेला-चरबीतले आंबट द्रव्य आणि सोडा यांची जोडी. सोड्याशी जोडी जमलेली असते तोवर त्या द्रव्यावर विजेचा भार असतो, आणि भार असलेल्या कणाला पाणी धरून ठेवते. लिंबू पिळले की आंबटपणा वाढतो, भार जातो, आणि पाणी त्याला सोडून देते. मिठाची गोष्ट वेगळी. मीठ साबणाचा भार काढत नाही. पण पाण्यात सोडियमची इतकी गर्दी होते की साबणाला पाण्यात जागाच उरत नाही. डब्यात आधीच माणसे खच्चून भरली असतील तर स्टेशनवर उभा असलेला कुठे चढणार?

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, हेही इथे समजते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाला धरून त्याचा न विरघळणारा साका करतात. बादलीच्या कडेला चिकटणारा तो राखाडी थर हाच. बायांना हे रसायन हातांनी कधीपासून ठाऊक आहे. त्याला नाव मात्र कुणी दिले नाही.

वाटीतला हा खेळ आपल्या मूत्रपिंडात रोज चालतो. तिथे साबणाच्या जागी युरिक ॲसिड असते.

कोंबडीची विष्ठा आणि माणसाची लघवी

युरिक ॲसिड हा शरीराचा केर आहे. आपल्या पेशी जुन्या होऊन मोडतात, शिवाय मांस-मासळीतून प्युरीन नावाचे घटक पोटात जातात. या दोन्हींचा शेवट युरिक ॲसिडमध्ये होतो. बहुतेक प्राणी त्याचे पुढे आणखी एक पाऊल विघटन करतात आणि पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ बाहेर टाकतात. माणसाच्या शरीरात ते पाऊल टाकणारे यंत्रच उरलेले नाही. कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तो बव्हंशी युरिक ॲसिडचाच. कोंबडीला ते घट्ट स्वरूपात टाकता येते. आपल्याला मात्र पाण्यात विरघळवूनच टाकावे लागते, आणि अडचण तिथेच आहे. १७७६ मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य पहिल्यांदा वेगळे काढले, तेही मूत्राशयातल्या खड्यातूनच.

आता थोडे आकडे बघू. नीट वाचा, कारण साऱ्या गोष्टीची किल्ली यांतच आहे. आंबटपणा मोजायला पीएच नावाची पट्टी वापरतात. सात म्हणजे ना आंबट ना तुरट. आकडा जितका खाली, तितके आंबट, आणि एक आकडा उतरला की आंबटपणा दहापट होतो. लघवीचा पीएच साधारण साडेचार ते आठ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो.

मोठा माणूस दिवसाला साधारण ६०० ते ७०० मिलिग्रॅम युरिक ॲसिड लघवीवाटे टाकतो. लघवीचा पीएच ५ असेल तर एका लिटरमध्ये जेमतेम दीडशेच्या आसपास मिलिग्रॅम विरघळलेले राहते. पीएच ६ झाला की चारशे-पाचशे, आणि साडेसहाला हजाराच्याही वर. माणूस तोच, केरही तेवढाच. फक्त आंबटपणा दीड आकड्याने उतरला तर तेवढ्याच पाण्यात सात-आठपट किंवा त्याहून जास्त केर मावतो. लिंबाचा ग्लास आठवा. आंबट लघवीत युरिक ॲसिडचा भार जातो आणि पाणी त्याला सोडून देते. आधी कण बनतात, मग वाळू, मग खडा.

याची उलट बाजू अशी की लघवीचा आंबटपणा औषधाने कमी करून पीएच साडेसहाच्या आसपास धरून ठेवला, तर तयार झालेला खडा पुन्हा विरघळू लागतो. काही आठवडे, कधी काही महिने लागतात, पण चाकू न लावता जातो. सगळ्या मुतखड्यांत औषधाने असा विरघळणारा मुख्य प्रकार हाच. मामेभावाचा खडा याच जातीचा होता. त्याच्या फाइलीत दोन खुणा होत्या. लघवीच्या तिन्ही रिपोर्टांत पीएच ५ होता, आणि खडा सोनोग्राफीत दिसला होता पण एक्स-रेत दिसला नव्हता. शुद्ध युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत उमटत नाही. तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे खडा नाही, असे कुणी समजू नये.

आमच्या गवंडी दादांचा खडा मात्र एक्स-रेत पांढराशुभ्र दिसला, कारण तो कॅल्शियमचा होता. दहा मुतखड्यांमधले सात-आठ कॅल्शियमचेच असतात, बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. त्यांना आंबटपणा कमी-जास्त केल्याने विरघळवता येत नाही. उलट लघवी फार तुरट झाली, पीएच सातच्या वर गेला, तर कॅल्शियम फॉस्फेटचा नवा थर खड्यावर बसू शकतो. तीन आठवड्यांच्या सोड्याने दादांचा खडा एक मिलिमीटरही कमी झाला नव्हता.

लघवी आंबट कशाने होते

इथे एक गैरसमज आधी काढू. छातीत जळजळ होते तिला आपण ॲसिडिटी म्हणतो. तिचा लघवीच्या आंबटपणाशी थेट संबंध नाही. पोटाची ॲसिडिटी असलेल्याची लघवी तुरट असू शकते आणि पोट एकदम ठीक असलेल्याची आंबट. ॲसिडिटीची गोळी रोज घेतो म्हणून खडा होणार नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

लघवी आंबट आणि घट्ट होण्याचे आपल्याकडचे मोठे कारण ऊन आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. स्लॅबवर, सेंट्रिंगवर, भट्टीजवळ, वाळूज-चिकलठाण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ-दहा तास घाम गाळणाऱ्याचे पाणी अंगावाटे जाते आणि मूत्रपिंड उरलेले पाणी वाचवते. लघवी दिवसाला अर्धा-पाऊण लिटरवर येते, गडद होते, आंबट होते. सहाशे मिलिग्रॅम केर आणि अर्धा लिटर आंबट पाणी, हा मेळ बसतच नाही.

मग पाणी प्या म्हणून सांगायचे. पण या शहरात हे सांगताना आमचीच जीभ अडखळते. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर. धरण तुडुंब असले तरी आपल्या नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, आणि मधल्या दिवसांत ड्रम, टँकर आणि विकतचे जार यांवर घर चालते. विकतचे पाणी घोटाघोटाने प्यायले जाते. पोरांना आधी, मग म्हाताऱ्यांना, आणि घरातली बाई शेवटी. पाणी कमी पिण्याला आळस म्हणणाऱ्या डॉक्टरांनी एकदा आमच्या गल्लीत नळाच्या दिवशी यावे.

बायांचे आणखी एक कारण आहे आणि ते कुणी बोलत नाही. बांधकामावर, नाक्यावर, रस्ता झाडताना, भाजी विकताना लघवीला जायला जागा नसते. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, असा नेम कितीतरी जणींनी करून घेतला आहे. वस्तीत सार्वजनिक शौचालय असते, पण रात्री तिथे दिवा नसतो, म्हणून संध्याकाळनंतरही पाणी नको. खड्याचे आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचे मूळ पुष्कळदा इथे असते. गोळ्या लिहून देणाऱ्याला हे दिसत नाही, कारण ते केसपेपरवर लिहिलेले नसते. ज्या बहिणी हे वाचत असतील त्यांनी डॉक्टरला हे मोकळेपणी सांगावे. महिला मंडळांनी शौचालयातल्या दिव्याचा अर्ज वॉर्ड कार्यालयात द्यावा. तोही मुतखड्यावरचा इलाजच आहे.

तिसरे कारण साखरेचा आजार. मधुमेह आणि सुटलेले पोट असलेल्यांच्या लघवीत आंबटपणा शोषून घेणारा अमोनिया कमी पडतो आणि पीएच सतत पाचच्या आसपास राहतो. म्हणून युरिक ॲसिडचे खडे मधुमेह असलेल्यांत जास्त दिसतात. शुगर आहे आणि खडाही आहे, अशांनी लघवीचा पीएच जरूर पाहावा.

बोअरच्या जड पाण्याने खडा होतो, असे आपल्याकडे ठामपणे म्हणतात. जड पाण्यावर दोष ढकलण्याआधी एवढे लक्षात घ्या की त्यातले बायकार्बोनेट लघवीचा आंबटपणा थोडा कमीच करते. खरा तोटा असा की ते मचूळ लागते म्हणून माणूस कमी पितो. फ्लोराइड किंवा घाणीचा प्रश्न असेल तर तो वेगळा, त्यासाठी पाण्याची तपासणीच हवी.

आता मिठाकडे

साबणाचा दुसरा ग्लास आठवा, मीठ घातलेला. युरिक ॲसिडचा भार टिकून असला तरी भोवती सोडियमची गर्दी झाली की ते पाण्यातून सुटते, सोडियम युरेटच्या बारीक सुया होऊन. हे आपल्या रक्तात घडते. रक्त आंबट नाही, त्याचा पीएच ७.४ असतो, म्हणजे युरिक ॲसिडला तिथे ऐसपैस विरघळायला हवे. साध्या पाण्यात सोडियम युरेट रक्ताच्या कितीतरी पट विरघळते. पण रक्त खारट आहे. म्हणून १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ७ मिलिग्रॅमच्या वर ते नीट मावत नाही. लॅबच्या रिपोर्टात पुरुषांची वरची मर्यादा सातच्या आसपास छापलेली असते, ती याच हिशेबाशी जुळते.

थंडीत ते आणखी कमी विरघळते. पायाचा अंगठा हा शरीराचा सगळ्यात गार कोपरा. रात्री झोपेत अचानक अंगठा लालबुंद सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तो हा आजार. त्याला गाऊट किंवा वातरक्त म्हणतात. आपल्याकडे पुष्कळदा त्याला मुका मार किंवा भानामती समजून लिंबू उतरवले जाते. लिंबाचे सरबत करून प्यावे, उतरवून चौकात टाकू नये.

जेवणात मीठ कमी केले म्हणून रक्तातला खारटपणा कमी होत नाही, मूत्रपिंड तो ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवते. जास्तीचे मीठ लघवीतून जाते, आणि जाताना सोबत कॅल्शियम ओढून नेते. लघवीत कॅल्शियम वाढले की कॅल्शियमच्या खड्याला माल मिळतो. शिवाय लघवीत विरघळलेले युरेट जास्त असेल तर ते कॅल्शियम ऑक्झलेटला पाण्यातून बाहेर ढकलते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मिठाने साबणाला ढकलले तसेच. म्हणजे युरिक ॲसिडचा उपद्रव दुहेरी आहे, स्वतःचे खडे करते आणि दुसऱ्याच्या खड्यालाही हात लावते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. आपल्या ताटात भाजीचे मीठ, भाकरीच्या पिठातले मीठ, ठेचा, लोणचे, पापड, पोरांची कुरकुरीत पाकिटे आणि वरून सुकट-बोंबील. बेरीज तुम्हीच करा.

सोड्याचा हिशेब याच मिठाशी जोडलेला आहे. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ५ ग्रॅमच्या एका चमच्यात जवळपास १.४ ग्रॅम सोडियम असते. तेवढे सोडियम साडेतीन ग्रॅम मिठात असते. गवंडी दादा दिवसाला दोन चमचे घेत होते, म्हणजे सात ग्रॅम मिठाइतके सोडियम जेवणातल्या मिठाच्या वर. बीपीची गोळी बंद, वर दुखण्याची रोजची गोळी, जी स्वतःच अंगात पाणी धरून ठेवते आणि मूत्रपिंडाला इजा करते. तिन्हींचा मेळ बसला आणि १९० चा आकडा आला.

म्हणून लघवीचा आंबटपणा कमी करायला डॉक्टर बहुधा पोटॅशियम सायट्रेट देतात. त्यात सोडियम नाही, आणि सायट्रेट स्वतः कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून काही कॅल्शियमच्या खड्यांनाही ते नवीन होण्यापासून रोखते. सोडा हेही डॉक्टरांचे औषधच आहे, काही रुग्णांना तेच देतात, पण मोजून आणि रक्त-लघवी तपासत. लघवीच्या जळजळीवर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही सिरपांत डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असते, म्हणजे सोडियमच. पोटासाठी घ्यायच्या फसफसणाऱ्या पुड्यांतही सोडा असतो. बाटली उलटून मागचे वाचा, किंवा घरातल्या शिकलेल्या पोराला वाचायला लावा. आणि पोटॅशियमचे औषध मूत्रपिंड कमजोर झालेल्यांना जिवावरचे ठरू शकते. म्हणून क्रिएटिनिन तपासल्याशिवाय तेही मनाने घेऊ नका. शेजाऱ्याची उरलेली बाटली तर नकोच.

डॉक्टरला काय विचारायचे

खडा आहे म्हटल्यावर आपण एकच विचारतो, ऑपरेशन लागेल का? त्याआधी विचारा, खडा कशाचा आहे? लघवीच्या साध्या तपासणीच्या कागदावर पीएच किंवा रिॲक्शन अशी ओळ असते. ती तपासणी स्वस्त आहे, घाटीतही होते. एकदाच पाच आला म्हणून काही ठरत नाही, पण दोन-तीनदा पाच ते साडेपाचच आला तर तो कागद डॉक्टरसमोर ठेवा. सोनोग्राफीत खडा आणि एक्स-रेत काही नाही, असे असेल तर तेही सांगा. सीटी स्कॅनमध्ये खड्याच्या घनतेवरून बराच अंदाज येतो. आणि खडा आपोआप पडला तर फेकू नका. काही दिवस लघवी गाळणीतून करा, जुन्या चहाच्या गाळणीने भागते. सापडलेला कण धुऊन, वाळवून काड्यापेटीत ठेवा. त्याची तपासणी होते आणि पुढच्या खड्याचा इलाज त्यातून ठरतो.

शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, पैशाची व्यवस्था करण्याआधी.

खडा विरघळवण्याची वाट पाहणे प्रत्येकाला परवडत नाही. कुशीत दुखते आणि थंडी वाजून ताप येतो, लघवी बंद झाली आहे, एकच मूत्रपिंड आहे, पोटुशी बाई आहे, उलट्यांनी पाणीही ठरत नाही. यातले काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, १०८ ला फोन करून मोठा दवाखाना गाठावा. अडलेल्या लघवीत जंतू शिरले तर एका दिवसात माणूस हाताबाहेर जातो.

ताटातले

मटण खाल्ल्याने खडा होतो म्हणून मटण सोडा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात आरोग्यापेक्षा दुसरेच काही असते. आमचे म्हणणे साधे आहे. काळीज, गुर्दा, वजडी, सुकट आणि बोंबील यांतून युरिक ॲसिड जास्त बनते, आणि मांसाहाराने लघवी आंबटही होते. ज्याला युरिक ॲसिडचा खडा किंवा गाऊट आहे त्याने हे पदार्थ क्वचित खावेत आणि साध्या मटणाचा वाटा लहान ठेवावा. ज्याला हा त्रास नाही आणि ज्याच्या घरी महिन्यातून दोनदा मटण शिजते, त्याने घाबरायचे कारण नाही. डाळी, हरभरा, पालक यांतही प्युरीन असते, पण त्यामुळे गाऊट वाढल्याचे दिसत नाही. वरण-भाकरी बंद करू नका. भाज्या आणि फळे लघवीचा आंबटपणा उतरवतात.

बिअरने खडा पडतो, ही पोरांची आवडती दंतकथा. बिअरने लघवी जास्त होते एवढे खरे, पण बिअरमध्येच प्युरीन असते आणि दारूमुळे मूत्रपिंड युरिक ॲसिड बाहेर टाकायला टाळाटाळ करते. खड्यावर औषध म्हणून सुरू झालेली बाटली कुठे जाऊन थांबते, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. गोड कोल्ड्रिंकही युरिक ॲसिड वाढवते.

लिंबू आंबट, मग ते कसे चालते? लिंबातले सायट्रिक ॲसिड शरीरात जळून जाते, लघवीत लिंबाचा आंबटपणा उतरत नाही. त्यातल्या सायट्रेटचा कॅल्शियमच्या खड्यांत थोडा उपयोग होतो. पण लिंबाने पीएच फार वर चढत नाही, तेव्हा औषधाच्या जागी लिंबू धरू नका. आणि सरबतात आपण चमचाभर मीठ आणि मूठभर साखर टाकतो, तिथे सगळे मुसळ केरात. हुलग्याचे माडगे जरूर प्या, अंगाला चांगले आहे आणि त्यासोबत दोन पेले पाणीही जाते. खडा विरघळेल या भरवशावर मात्र सोनोग्राफी टाळू नका.

पाणी किती? लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हावी, एवढे. उन्हात काम करणाऱ्याला चार लिटरही लागतात. मोजायला वेळ नसेल तर रंग पाहा. फिक्या पिवळ्याच्या पुढे रंग गेला की पाणी कमी पडले. रात्रीची लघवी सर्वांत घट्ट आणि आंबट असते, म्हणून झोपण्याआधी एक पेला प्यावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचे माप डॉक्टरांकडूनच घ्यावे.

गवंडी दादांचा खडा जूनमध्ये दुर्बिणीतून काढला, योजनेतून. तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झलेटचाच निघाला. बीपीची गोळी पुन्हा सुरू झाली, पायांची सूज उतरली. आता ते कामावर जाताना पाच लिटरचा कॅन सायकलला बांधतात आणि स्लॅबवर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. वहिनी आम्हाला विचारत होत्या, मामेभावाचे औषध बंद झाले तर त्याचा खडा परत येईल का? येऊ शकतो. त्याला शुगर आहे आणि त्याची लघवी औषधाशिवाय पुन्हा पाचवर येते. म्हणून डॉक्टरांनी त्याला मेडिकलमधून पीएचच्या पट्ट्या आणून आठवड्यातून दोनदा सकाळी पाहायला सांगितले आहे, आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफीची तारीख दिली आहे.